शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्या वडिलांसाठी इंटरनेट रेडिओ कसा जमवावा?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी राहतात. जन्मभर शॉर्टवेव्ह ऐकत आले: सिलोन, बीबीसी हिंदी, रेडिओ ऑस्ट्रेलिया. आता सेटवर खरखरीशिवाय फारसं काही लागत नाही. घरात फायबरचं कनेक्शन आहे. मोबाईलवर रेडिओचं ॲप टाकून दिलं, ते त्यांनी दोन दिवसांत बाजूला ठेवलं. इंटरनेट रेडिओ विकत घ्यावा का, की दुसरा काही मार्ग आहे?

विकत काही घेण्याआधी सेटवर काही का लागत नाही ते पाहा. कारणं दोन असतात आणि त्यातलं एक तुमच्या घरातच बसलेलं असतं.

पहिलं कारण सरळ आहे, स्टेशनंच गेली. बीबीसीने १ जुलै २००१ पासून उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडची शॉर्टवेव्ह बंद केली, तेव्हापासून ही गळती चालू आहे. डॉइचे वेलेचं हिंदी रेडिओ प्रसारण २०११ मध्ये थांबलं, रेडिओ नेदरलँड्स २०१२ मध्ये गेलं, रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला आणि बीबीसी हिंदी ३१ जानेवारी २०२० ला. म्हणजे बीबीसी हिंदी आणि रेडिओ ऑस्ट्रेलिया काटा कितीही फिरवला तरी लागणार नाहीत. सेट बिघडलेला नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. अनेक जुने श्रोते वर्षानुवर्षं सेटलाच दोष देत बसतात.

दुसरं कारण घरातला विजेचा कचरा. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे, राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याचे पडसाद थेट शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात उमटतात. तपासणी सोपी आहे. रात्री आठच्या सुमारास रेडिओ सेलवर चालवा, ३१ मीटर बँडवर म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या दरम्यान एखादी रिकामी जागा धरा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर एकदम खाली बसली आणि मागून पुसटशी स्टेशनं वर आली, तर दोष घरातला. मग एकेक एमसीबी वर करत जा. कोणत्या खटक्याला आवाज परत येतो ते कळेल. त्या लाइनवरचा अडॅप्टर किंवा दिवा बदला. बदलणं शक्य नसेल तर त्याची वायर फेराइटच्या कड्यातून पाच-सहा वेढे घालून न्या. घरापासून लांब, ७ ते १० मीटरची साधी वायर एरियल म्हणून बांधली तरी फरक पडतो. मात्र मे अखेरीस वळवाच्या गडगडाटात ती सेटवरून काढून ठेवायची, हे कोकणात विसरून चालणार नाही.

हे आधी का सांगतो? कारण स्ट्रीमिंग आणलं म्हणून शॉर्टवेव्ह सेट माळ्यावर टाकायचा नाही. इंटरनेट बंद पडतं तेव्हा शॉर्टवेव्हच उरते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये इंटरनेट बंद असताना बीबीसीने हिंदी शॉर्टवेव्हची वेळ वाढवली होती, आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनसाठी १५७३५ आणि ५८७५ किलोहर्ट्झवर इंग्रजी बातम्या सुरू केल्या. तेव्हा सेट चालू ठेवा आणि स्ट्रीमिंग त्याच्या शेजारी आणा.

आता ॲप का नाकारलं गेलं, ते बघू. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याच्या हाताला एक सवय असते: खटका लावला, बँड बदलला, काटा ओळखीच्या जागी नेला की स्टेशन. जागा ठरलेली असते, डोळे मिटून सापडते. ॲपमध्ये जागा ठरलेली नसते. जाहिरात येते, यादी सरकते, अपडेटनंतर बटण भलतीकडे जातं आणि मधेच फोन वाजतो. त्यामुळे वडिलांना हजारो स्टेशनं नकोत, ठरलेल्या जागी ठरलेली सहा हवीत. इंटरनेट रेडिओ घ्या किंवा घरी बनवा, कसोटी हीच लावा: एका हालचालीत तेच स्टेशन रोज लागतं का?

बाजारातल्या तयार इंटरनेट रेडिओची अडचण दिसण्यात नाही, आत आहे. त्यातला बहुतेक प्रत्येक संच स्टेशनांचे पत्ते स्वतःकडे ठेवत नाही, कुठल्या तरी कंपनीच्या यादीकडून मागवतो. यादी बंद तर रेडिओ मुका. रेसिव्हा ही अशीच एक मोठी यादी एप्रिल २०२१ अखेर बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक मॉडेलांवर स्टेशन निवडणंच खुंटलं. २०१९ मध्ये फ्रंटियर सिलिकॉनच्या चिपवरचे रेडिओ व्हीट्यूनरवरून एअरेबलच्या यादीवर गेले, तेव्हा लोकांना साठवलेली स्टेशनं पुन्हा भरावी लागली. म्हणून घ्यायचाच असेल तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. स्टेशनचा पत्ता आपल्या हाताने टाकता येतो का? एचटीटीपीएस, म्हणजे ‘https’ ने सुरू होणारे सुरक्षित पत्ते चालतात का? एचएलएस, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी येणारा प्रवाह (खुलासा पुढे आहे), चालतं का? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो रेडिओ आज स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. मोठी प्रसारणं झपाट्याने याच दोन पद्धतींकडे वळली आहेत आणि जुने संच त्यात मागे पडतात. अशा संचावर स्टेशनचं नाव दिसतं, ‘जोडतोय’ असं येतं आणि पुढे शांतता.

स्टेशनचा पत्ता म्हणजे काय, हे समजलं की अर्धं काम झालं. साधा प्रवाह एकाच लांब दोरीसारखा असतो: आइसकास्ट किंवा शाउटकास्ट सर्व्हरवरून एमपी३ किंवा एएसी आवाज सलग येत राहतो. एचएलएसमध्ये आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे होतात आणि ‘एम३यू८’ नावाची छोटी फाईल पुढचा तुकडा कुठे आहे ते सांगत राहते. दोन्ही व्हीएलसी या संगणकावरच्या फुकट प्लेअरमध्ये चालतात.

पत्ता काढायचा असा. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये स्टेशनचं स्वतःचं पान उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा भाग निवडा, मग पानावरचं प्ले बटण दाबा. वरच्या शोधपट्टीत एम३यू८ टाकून पाहा. काही न आल्यास ‘मीडिया’ गाळणी लावा. जी ओळ येईल तिच्यावर उजवी टिचकी मारून पत्ता कॉपी करा. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि एन दाबून तो चिकटवा. आवाज आला की कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक, म्हणजे आवाज कोणत्या पद्धतीने (एमपी३, एएसी) आवळलेला आहे, ते तिथे दिसेल.

पण इथे थांबू नका. तोच पत्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवून पाहा. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ असेल तर ती बहुधा तात्पुरती परवानगी असते आणि काही तासांनी मरते. प्रश्नचिन्हापासून पुढचं कापून बघा. बऱ्याचदा उरलेला पत्ता एकटाच चालतो. चालत नसेल तर ते स्टेशन अधिकृत ॲपवरच ऐकावं लागेल. आकाशवाणीसाठी न्यूजऑनएअर हे ॲप आहे. त्यात विविध भारतीपासून महाराष्ट्र-गोव्यातल्या केंद्रांपर्यंत देशभरातले दोनशेहून अधिक प्रवाह मिळतात. बाकी स्टेशनांसाठी रेडिओ-ब्राउझर ही लोकांनी मिळून चालवलेली खुली यादी उत्तम. त्यातून पत्ता घ्या, पण आपल्या वहीतही उतरवा. जुने श्रोते फ्रिक्वेन्सी, वेळ, मीटर बँड वहीत लिहीत, तसाच हा नवा रकाना.

डेटाचा हिशोब: ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला सुमारे २९ एमबी खातो, १२८ चा सुमारे ५८. रोज चार तास ६४ वर ऐकलं तर महिन्याला साडेतीन जीबी. फायबरवर हे काहीच नाही. बोलण्याच्या कार्यक्रमांना ४८ केबीपीएस हाय-एफिशियन्सी एएसीसुद्धा छान पुरतं.

आता संच. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे घरातला जुना अँड्रॉइड फोन, सिम काढून, कायमचा चार्जरवर, ऑक्सच्या वायरने स्पीकरला जोडलेला. ट्रान्झिस्टर किंवा रेडिओड्रॉइड यांसारखं बिनजाहिरातीचं ॲप टाका. या मार्गावर नव्वद टक्के तक्रार एकच येते: ‘वीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो.’ स्क्रीन विझल्यावर अँड्रॉइड बॅटरी वाचवायला ॲप मारतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरी विभागात जाऊन ‘अनिर्बंध’ करा, रोग गेला. ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. तो झोपतो, जोडणी तुटते आणि वडिलांना पुन्हा तुमचीच वाट पाहावी लागते. शिवाय कायम चार्जरवर ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगू शकते; दर महिन्याला फोनची पाठ हाताने चाचपा.

दुसरा मार्ग जास्त मेहनतीचा, पण माझी पसंती याला. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा, बोर्डाएवढाच संगणक, त्याला पीसीएम५१०२ चा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी पट्टी) आणि एक जुना बँड स्विच. झीरोला आवाजाची पिन नसते म्हणून डॅक लागतो. जोडणी अशी: डॅकचा बीसीके पिन १२ ला, एलसीके पिन ३५ ला, डीआयएन पिन ४० ला, व्हीआयएन पिन २ च्या ५ व्होल्टला, ग्राउंड पिन ६ ला; एससीके ग्राउंडलाच टाका, नाहीतर आवाज येत नाही किंवा कर्कश येतो. कॉन्फिग फाईलमध्ये हायफायबेरी-डॅक हा ओव्हरले, म्हणजे बोर्डाला डॅकची ओळख करून देणारी ओळ, लावा. वाजवायला एमपीडी हा प्रोग्राम. स्टेशनांचे पत्ते एका साध्या एम३यू फाईलमध्ये, ओळीला एक.

बँड स्विच म्हणजे तोच, जुन्या सेटमध्ये मीडियम वेव्ह-शॉर्टवेव्ह बदलायला असायचा तसा, सहा किंवा बारा जागांचा फिरता वेफर स्विच. मधला पाय ग्राउंडला, बाकीचे बोर्डाच्या एकेका जीपीआयओ पिनला (प्रोग्रामला वाचता येणाऱ्या पिना). पायथनची छोटी स्क्रिप्ट पिन वाचते आणि त्या क्रमांकाचा पत्ता लावते. इथे दोन गोष्टी चुकतात. पहिलीवरून पाचवीवर जाताना स्विच मधल्या तीन जागांना स्पर्श करतो, तेव्हा लगेच स्टेशन बदललं तर चार जोडण्या एकापाठोपाठ सुरू होऊन गोंधळ होतो. म्हणून एका जागी ४०० मिलिसेकंद स्थिर राहिल्यावरच बदल करायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. प्रवाह जोडून साठा भरायला तीन ते आठ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ संच गप्प असतो. शॉर्टवेव्हवर शांतता कधीच नसे. दोन स्टेशनांच्या मध्येही सूं-सूं चालू असे, सेट जिवंत आहे हे कळे. इथे शांतता पडली की माणूस समजतो बिघडला, आणि स्विच पुन्हा फिरवतो. जोडणी पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा शांतता, पुन्हा फिरवणं. म्हणून प्रत्येक जागेसाठी स्टेशनचं नाव घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, ‘विविध भारती’, ‘बीबीसी इंग्रजी’, आणि स्विच फिरताच आधी ते वाजू द्या. नातीचा आवाज असेल तर आणखी बरं. एवढ्या एका गोष्टीने वापर टिकतो.

तिसरा धोका मेमरी कार्डाचा. वडील सरळ खटका बंद करणार आणि तेच योग्य आहे. रेडिओ बंद करायला मेनू उघडायचा नसतो. पण अशा अचानक बंद होण्याने कार्डावरची प्रणाली कधीतरी मोडते. सगळं जमल्यावर रास्पी-कॉन्फिग या बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ‘परफॉर्मन्स’ खाली ओव्हरले फाईल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही. पत्ते बदलताना तेवढी ती बंद करायची. अडॅप्टर ५ व्होल्ट, अडीच अँपिअरचा, चांगल्या कंपनीचा घ्या. हलका अडॅप्टर आधी वायफाय पाडतो, आणि वर सांगितलेली खरखरही त्याच्यातूनच येते. आणखी एक: झीरोला आणि बऱ्याच तयार इंटरनेट रेडिओंना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं असेल आणि जोडणी अडखळत असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या.

हे सगळं जुन्या मर्फी किंवा फिलिप्सच्या व्हॉल्व्हच्या सेटमधून वाजवावं असं अनेकांना वाटतं. मागच्या बाजूला ग्रामोफोनसाठी दोन छिद्रांचं सॉकेट असतं, त्यात आवाज देता येतो. पण आधी प्लग उपसून, मग मागचं झाकण काढून, व्हॉल्व्हवरची नावं वाचा. यूसीएच४२, यूएल४१, यूवाय४१ अशी ‘यू’ ने सुरू होणारी असतील तर तो ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी सेट आहे. त्याची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. त्याला कुठलीही वायर लावू नका. फोन जळेल, माणूसही जाईल. ईसीएच८१, ईएल८४ अशी ‘ई’ ची नावं असतील आणि आत मेन ट्रान्सफॉर्मर डोळ्यांना दिसत असेल, तर मेकॅनिककडून जुने कंडेन्सर बदलून घ्या आणि मध्ये ६०० ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालून मग जोडा. सेट मोनो असतो. डावी-उजवी वायर एकत्र पिळू नका, दोन्हींत १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग एकत्र करा.

आवाजाबद्दल वडील म्हणतील, ‘साफ आहे, पण टोचतो.’ त्यांचं बरोबर आहे. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असल्याने कानाला साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज येई. स्ट्रीमवर १५ पर्यंत येतो, त्यामुळे ‘स’, ‘श’ खुपतात. इक्वलायझरमध्ये ५ किलोहर्ट्झच्या वरचं ६ डेसिबलने उतरवा आणि वयोमानाने ऐकू कमी येत असेल तर २ ते ३ किलोहर्ट्झ तीन डेसिबलने चढवा. निवेदकाचे शब्द सुटे होतात.

घड्याळ लावायची सवय मात्र मोडावी लागेल. बीबीसीचे पाच छोटे आणि एक लांब ठोके स्ट्रीमवरही ऐकू येतात, पण एचएलएसचा प्लेअर दोन-तीन तुकडे साठवून मग वाजवतो, त्यामुळे ते अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा पोचतात. आणि युरोपातली स्थानिक स्टेशनं लावलीत तर मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवा. वडिलांना तो ठाऊक असणारच, शॉर्टवेव्हचं वेळापत्रकही त्याच दिवशी बदलतं. जर्मनीपेक्षा आपण हिवाळ्यात साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन; ब्रिटनपेक्षा साडेपाच आणि साडेचार.

वीज गेल्यावर राउटर आणि फायबरचा डबा चालू राहावा म्हणून १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. डब्यांवर छापलेले अँपिअर बेरीज करून त्यापेक्षा मोठा. तरीही पावसाळ्यात तार तुटली की घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही. त्या दिवसांसाठी सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि जवळच्या आकाशवाणी केंद्राची फ्रिक्वेन्सी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

शेवटी, स्टेशन शोधण्याची मजा. ज्यांना बातम्यांपेक्षा दूरचं पुसट स्टेशन पकडण्यात रस होता, त्यांची भूक स्ट्रीमने भागत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्यांचे रिसीव्हर इंटरनेटवरून चालवता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर शून्यापासून २९ मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत ऐकवतो, आणि किवीएसडीआर या नावाचे रिसीव्हर जगभर विखुरलेले आहेत, नकाशावरून निवडायचे. चौकटीत फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये टाका, मोड एएम ठेवा. खाली रंगीत पडदा सरकत असतो: मधली बारीक उभी रेघ म्हणजे वाहक लहर आणि तिच्या दोन्ही अंगांना पिसासारखं जे हलतं तो आवाज. शेजारचं स्टेशन घुसत असेल तर पट्टी ६ किलोहर्ट्झपर्यंत आवळा, तरी न भागल्यास ज्या बाजूला गर्दी कमी ती एकच साइडबँड, म्हणजे त्या रेघेची एकच बाजू, निवडा: यूएसबी (वरची) किंवा एलएसबी (खालची). आपल्याकडे वळवलेली प्रसारणं ऐकायची तर युरोपातला रिसीव्हर निवडू नका, भारतातला किंवा आग्नेय आशियातला शोधा. किवीवर एका वेळी चारच-आठ जणांना जागा असते आणि काही मालक वेळेची मर्यादा घालतात. भरलेला असेल तर दुसरा निवडा.

यातून ऐकलेल्या स्टेशनला वडिलांना पूर्वीसारखा अहवाल पाठवून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची स्टेशनने दिलेली पोच, मागायचं असेल तर जरूर पाठवू द्या. फक्त अहवालात रिसीव्हर कुठल्या गावचा होता ते लिहायला सांगा. स्टेशनच्या इंजिनिअरला लहर कुठे पोचली हे कळायला हवं असतं, रत्नागिरी लिहिलं तर त्याचा हिशोब चुकतो.